जागा सांगावी की झाकावी? गळवाल्याच्या फोनमधल्या सोयींचं परीक्षण, तापी-गिरणेच्या पाण्यावरून

मासा घेऊन पारावरून जाणाऱ्याला खान्देशात पहिला प्रश्न येतो तो वजनाचा नाही. “कोठे सापडना रे भो?”, म्हणजे कुठे सापडला, हाच येतो. पूर्वी त्यावर “धरणावर” एवढं एक मोघम उत्तर पुरायचं. आता उत्तर देण्याआधीच ते फोनने दिलेलं असतं, फोटोतून, पिनमधून किंवा ग्रुपवर टाकलेल्या लोकेशनमधून. म्हणून इथे परीक्षण रॉड-रीलचं नाही. जागेची नोंद ठेवायला आणि ती दुसऱ्याला द्यायला आपण ज्या सोयी वापरतो त्यांचं आहे: गूगल मॅप्समधली जतन केलेली यादी, व्हॉट्सअ‍ॅपचं लोकेशन, फोनचा कॅमेरा, गळवाल्यांसाठीचं फिशब्रेन हे अ‍ॅप, आणि शंभर पानी वही. पाणी हतनूर, वाघूर, गिरणा, अक्कलपाडा अशा धरणांचं आणि सारंगखेडा, प्रकाशा, सुलवाडे या तापीवरच्या बॅरेजांचं धरलं आहे.

आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते, नाहीतर कुठल्याच सोयीला गुण देता येत नाहीत. जागा लपवण्यासारखी आहे की नाही हे गळवाल्याच्या स्वभावावर कमी आणि माशावर जास्त ठरतं. कटला वरच्या थरात चरतो. वाऱ्याने तरंगतं खाद्य ज्या काठाला लोटलं जातं, त्या काठाला तो येतो आणि वारा फिरला की निघून जातो. काल पश्चिमेच्या काठाला लागलेला कटला उद्या तिथे नसेल, तेव्हा त्याची पिन जपून ठेवण्यात अर्थ नाही, खुशाल सांगा. रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात. हे तिघेही फिरतेच, पण जुना बांध किंवा नदीचं मूळ पात्र धरून फिरतात, म्हणून त्यांची जागा अर्धी सांगण्यासारखी. मरळ आणि वाम मात्र घर करून राहणारे मासे. मरळ झाडोऱ्यात नाहीतर पाणकणसाच्या कडेला असते, वाम दगडांच्या कपारीत. त्यातून एका जागेवरचे तीन-चार मोठे मासे उचलले की ती जागा लवकर भरून येत नाही. सातपुड्याच्या बाजूच्या डोहांतल्या महसीरचं तर विचारूच नका; उन्हाळ्यात धार तुटली की वरच्या-खालच्या पाण्यातले सगळे मासे त्याच एका डोहात गोळा झालेले असतात. अशा डोहाची पिन चार ग्रुपांवर फिरली की ती फक्त गळवाल्यांच्याच हातात राहील याची काही खात्री नाही. जिलेटिनचा स्फोट करून मासे मारणाऱ्यालाही तीच पिन लागते.

मरळीबाबत अजून एक. पावसाळ्यात काठालगत पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा खदखदताना दिसतो, आणि त्याखाली जोडी राखण करत असते. ती जोडी आमिषावर भुकेने येत नाही, जवळ आलेल्या वस्तूला हुसकावायला धावते, म्हणून अगदी सहज लागते. राखणदार गेला की पिल्लं बाकीच्या माशांची आणि बगळ्यांची. तेव्हा हा गोळा दिसला तर गळही टाकू नये आणि जागाही कुणाला सांगू नये.

गूगल मॅप्सची यादी

नोंद ठेवायला सगळ्यात सोपं साधन हेच. नकाशावर बोट दाबून धरलं की लाल पिन पडते आणि तिचे अक्षांश-रेखांश दिसतात. ‘सेव्ह’ दाबून वेगळी यादी करायची. यादीला तीन प्रकारची दृश्यता असते: खासगी, दुवा असलेल्यांना दिसणारी आणि सार्वजनिक. नवी यादी करताना खासगी हाच पर्याय आहे ना, हे एकदा डोळ्यांनी बघून घ्या. दुव्याने वाटलेल्या यादीची अडचण अशी की दुवा पुढे पाठवायला कुणी कुणाला विचारत नाही. एका मित्राला एक जागा द्यायची असेल तर यादी देऊ नका, आकडे द्या.

आकड्यांची एक सोय फार थोडे लोक वापरतात. अक्षांशाचे पाच दशांश दिले तर जागा मीटरभरात सापडते. चार दिले तर साधारण 11 मीटर, तीन दिले तर 110 मीटर, दोन दिले तर 1.1 किलोमीटर. खान्देश 21 अंशांच्या आसपास असल्याने पूर्व-पश्चिम अंतर यापेक्षा थोडं कमी भरतं, पण आपल्या कामाला हा हिशेब पुरतो. म्हणजे किती सांगायचं ते हातात असतं. सोबत येणाऱ्या जिवलगाला चार दशांश, ओळखीच्याला तीन, बाकीच्यांना दोन. दोन दशांश म्हणजे “धरणाच्या या अंगाला ये, पुढचं तू शोध”. मात्र आकडे तोडले आहेत हे समोरच्याला सांगा. मॅप्स तोडलेल्या आकड्यांवरही तेवढीच टोकदार पिन दाखवतं, आणि माणूस तिच्यावर विश्वास ठेवून कुणाच्या तरी शेतातून चालत सुटतो.

मॅप्समध्ये प्लस कोड नावाचीही सोय आहे. जागेवर बोट दाबलं की अधिक चिन्ह असलेला छोटा कोड दिसतो. तो साधारण 14 मीटरच्या चौकोनाचा असतो. पूर्ण कोडातली अधिक चिन्हानंतरची दोन अक्षरं गळली की चौकोन सुमारे 275 मीटरचा होतो. ज्यांना दशांशाचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी ठीक, पण फोनवर तोंडी सांगताना इंग्रजी अक्षरं चुकतात. आकडे बरे.

खोटी पिन देणं हा जुना डाव नव्या रूपात दिसतो: जागा विचारली की मुद्दाम अर्धा किलोमीटर सरकवून पाठवायची. हे करू नका. धरणाचं पाणी मागे सरकलं की मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाळपेर होते, तिथे टरबूज-काकडीचे वेल पसरलेले असतात. रावेर-यावलकडे काठापर्यंत केळी आहे, आणि केळीत ठिबकच्या नळ्या. खोट्या पिनमागे दोन मोटारसायकली बागेत घुसल्या की नळ्या चेपतात, शेतकरी वाटेवर बाभळीचे काटे टाकतो आणि खऱ्या जागेची वाटही बंद होते. सांगायचं नसेल तर सरळ “नाही सांगत” म्हणावं. त्याचा राग आठवड्यात उतरतो.

मॅप्समधल्या दोन उणिवा. फोनचं जीपीएस नेटशिवाय चालतं, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर पाल, तोरणमाळकडच्या डोंगरात पडद्यावर कोरी जागाच दिसेल. घरी वायफायवर प्रोफाइलच्या चित्रावर दाबून ‘ऑफलाइन नकाशे’ मधून तो भाग उतरवून ठेवावा. आणि नेट नसताना टाकलेली पिन यादीत जाईलच असं धरून चालू नका. आकडे लगेच कागदावर उतरवा. दुसरी उणीव म्हणजे उत्साही मंडळी. काठावर उभं राहून ‘फिशिंग पॉइंट’ नावाचं नवं ठिकाण नकाशात घालायची सूचना पाठवतात. एकदा ते नकाशावर चढलं की सहलीवाले, ड्रोनवाले, दारूच्या बाटल्यावाले सगळे येतात. ते ठिकाण परत उतरवणं सोपं नाही.

पिन पुरत नाही, पातळी लागते

इथेच फोनच्या सगळ्या सोयींचा दम संपतो. युरोपातल्या तळ्याचं पाणी वर्षभर जवळपास एका पातळीत असेल. आपल्या धरणाचं नसतं. पावसाळ्यात भरतं, रब्बीच्या आवर्तनांनी, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं की, उतरतं, मे अखेर तळ उघडा पडतो. ऑक्टोबरात ज्या पिनवर चार मीटर पाणी होतं तिथे एप्रिलमध्ये शेळ्या चरत असतात. म्हणून “जागा सांग” म्हणणाऱ्याला नुसती पिन दिली तरी त्याला अर्धीच जागा मिळालेली असते. दुसरा अर्धा भाग म्हणजे त्या दिवशीची धरणाची पातळी.

ही पातळी वापरायची रीत एकदा समजली की महागडं खोली मोजायचं यंत्र घ्यावं लागत नाही. मे महिन्यात उघड्या पडलेल्या तळावर फिरा. बुडीत गेलेल्या गावाच्या भिंती, जुन्या विहिरी, शेतांचे दगडी बांध, नदीच्या मूळ पात्राची कड, वठलेल्या झाडांचे बुंधे हे सगळं उघडं असतं. पिन टाका. मग पाणी वर चढताना (किंवा उतरताना) ज्या दिवशी पाण्याची कड बरोबर त्या बांधाला टेकते, त्या दिवशीची धरणाची पातळी मीटरमध्ये लिहून ठेवा. जलसंपदा खात्याकडून धरणसाठ्याचे आकडे रोज जाहीर होतात, त्यात ती असते. समजा ती 208.50 निघाली. ऑक्टोबरात पातळी 212.10 असेल तर त्या बांधावर 3.60 मीटर पाणी आहे. साधी वजाबाकी.

टक्के लिहू नका. वर्तमानपत्रात साठा टक्क्यांत येतो, आणि तो खोलीशी सरळ जात नाही: धरण वर पसरट, खाली निमुळतं असतं, त्यामुळे वरच्या दहा टक्क्यांत पाणी थोडंच उतरतं आणि खालच्या दहा टक्क्यांत खूप. गाळाचंही बघावं लागतं. हतनूरला तापी-पूर्णेचा गाळ बसण्याचा प्रश्न जुनाच आहे. म्हणून मागच्या वर्षीचा आकडा यंदा तसाच चालेल असं नाही. दर उन्हाळ्यात एक चक्कर मारून नोंद ताजी करावी.

आणखी एक चूक नेहमीची. पिन टाकली जाते ती उभं राहायच्या जागेची, मासा असतो चाळीस मीटर आत. नोंदीत दोन पिना हव्यात, एक पायाची आणि एक आमिषाची. मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो, दरीत त्याहून जास्त. विहिरीचं तोंडच सहा मीटरचं असेल तर फोनची चूक विहिरीएवढी झाली. विहिरीत गेलेला गळ परत येत नाही. आमिष कठड्याच्या दोन-तीन मीटर बाहेर पडायला हवं, मासा तिथूनच ये-जा करतो. ही अचूकता फोन देत नाही, दोन काठ्या देतात. काठावर चार मीटर अंतराने दोन काठ्या रोवा. तळ उघडा असतानाच मोजलेलं अंतर 44 मीटर असेल, तर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, एका काठीवरून दुसरीवर अकरा वेळा न्या आणि तिथे रीलच्या चकतीवरच्या क्लिपमध्ये अडकवा. मग फेक नेहमी तिथेच थांबते. मोठा मासा ओढ घेईल तेव्हा क्लिप सोडवलेली असू द्या, नाहीतर तंगूस तुटते. म्हणून आमिष स्थिरावल्यावर तंगूस क्लिपमधून मोकळी करून ठेवावी आणि क्लिपच्या जागी तंगूसवर चिकटपट्टीची खूण करावी.

दिशेसाठी जोड खुणा. जवळचं बाभळीचं झाड आणि त्यामागचा लांबचा विजेचा मनोरा एका रेषेत आले की ती एक रेषा झाली. तशीच दुसरी जोडी बाजूला धरा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही. त्यांच्यातला कोन काटकोनाच्या जितका जवळ तितकं अचूक. तीस अंशांच्या आतल्या जोड्या धरल्या तर चूक बरीच वाढते. नाव-जाळ्यावर जगणारी मंडळी नकाशे नव्हते तेव्हापासून असंच करतात. (आपण ज्याला गुपित म्हणतो ते बहुतेक वेळा त्यांना माहीतच असतं, फक्त ते पारावर बोलत नाहीत.)

कॅमेरा: सगळ्यात मोठं भोक

फोटोच्या फाइलमध्ये जागेचे आकडे आपोआप बसतात. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन टॅग’ किंवा ‘लोकेशन सेव्ह करा’ असं बटण असतं, बंद करा. आयफोनवर फोटो पाठवताना वरच्या बाजूला ‘पर्याय’ मध्ये जाऊन लोकेशन बंद करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि त्यातले आकडे गळून पडतात. पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल पाठवली तर ते तसेच पुढे जातात. फोटो स्वच्छ दिसावा म्हणून लोक डॉक्युमेंट करून पाठवतात आणि तिथेच फसतात.

आकडे काढले तरी मागचं दृश्य राहतं. भुसावळ तालुक्यातला माणूस फोटोत दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या किती उंच आणि कुठल्या हाताला दिसतात यावरून काठ ओळखतो. हतनूरचे 41 दरवाजे, चांगदेवचा संगम, प्रकाशाची देवळं, सारंगखेड्याचा पूल दिसला की झालं. पाण्याच्या कडेवर तीन-चार ओल्या पट्ट्या दिसल्या तर पाणी उतरतंय हेही कळतं. यावर उपाय एकच: खाली बसून मासा उंच धरू नका, कॅमेरा वरून खाली धरून फोटो काढा, मागे फक्त गवत येतं. मासा थोडा लहान दिसतो, ते सोसावं.

व्हॉट्सअ‍ॅपचं लोकेशन

यात दोन प्रकार आहेत आणि लोक दोन्ही एकच समजतात. ‘सध्याचं लोकेशन’ ही कायमची पिन, ती चॅटमध्ये राहते आणि पुढे ढकलता येते. ‘लाइव्ह लोकेशन’ 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तासांपुरतं असतं. एकट्याने रात्री बॅरेजखाली बसणाऱ्याने घरच्यांपैकी एकाला 8 तासांचं लाइव्ह लोकेशन दिलंच पाहिजे. पावसाळ्यात वरून विसर्ग सोडला की खालचं पाणी बघता बघता चढतं, तेव्हा जागेची गुप्तता धरून बसणं हा मूर्खपणा. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. लाइव्ह लोकेशन संपल्यावरही जिथून ते सुरू केलं त्या जागेचं छोटं नकाशाचित्र चॅटमध्ये उरतं. म्हणून ते काठावर पोचून सुरू करू नका. घरातून निघतानाच सुरू करा, म्हणजे उरतं ते घराचं चित्र. आणि ग्रुपवर नाही, एका माणसाला.

फिशब्रेनबद्दल थोडक्यात. मूळ स्वीडनचं हे अ‍ॅप म्हणजे गळवाल्यांची वही आणि चावडी एकत्र. मासा नोंदवायचा, फोटो टाकायचा, इतरांच्या नोंदी बघायच्या. इतरांच्या नेमक्या जागा बघायला पैसे मोजावे लागतात. नोंद करताना जागेची दृश्यता आधी तपासा. अशा अ‍ॅपची ताकद म्हणजे नोंदींची गर्दी, आणि ज्या पाण्यावर नोंदी कमी तिथे पैसे भरून मिळण्यासारखं फार नसतं. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार हे ते सांगणार नाही, आणि आपल्याकडे मासा हलतो तो बऱ्याचदा त्यावरच. सध्या घेऊ नये.

परवान्याचं सांगायचं तर इथे गुप्ततेचा प्रश्नच नाही. बरेच जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, मत्स्यबीज त्यांच्या पैशाने सोडलेलं असतं. त्यांची परवानगी कुठे मिळते, किती रॉड चालतात, कुठल्या अंगाला जाळी लागलेली असते ही माहिती जेवढी वाटाल तेवढी चांगली, कारण तंगूस जाळ्यात अडकून होणारी भांडणं न सांगितल्यानेच होतात. अनेर आणि यावल ही अभयारण्यं. तिथली जागा ना द्यावी, ना मागावी. तिथे गळच टाकायचा नाही.

गुण द्यायचे तर मॅप्सच्या खासगी यादीला दहापैकी सात, व्हॉट्सअ‍ॅपच्या लाइव्ह लोकेशनला जिवासाठी नऊ आणि जागा सांगण्यासाठी शून्य, कॅमेऱ्याला सेटिंग बदलल्यावर पाच, फिशब्रेनला तीन. वहीला नऊ. एक गुण कापला तो भिजते म्हणून. पान असं आखा: तारीख, धरणाची पातळी मीटरमध्ये, दोन पिनांचे आकडे, काठ्यांचे फेरे, वाऱ्याची दिशा, आवर्तन सुरू की बंद, मासा आणि आमिष. कणिक लागली की गांडूळ हे वेगळं लिहा, नुसतं ‘आमिष’ नको. बॉलपेनची शाई ओल्या कागदावर उठत नाही आणि जेलपेनची पसरते, म्हणून शिसपेन्सिल वापरा. वही दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, रबर लावून.